खाडीतल्या बोटफेरीचं बुकिंग: एक प्रकरण

ठाणे खाडीच्या पश्चिम काठाला, मुंबईच्या पूर्व उपनगरांत, मच्छीमारांची एक छोटी सहकारी संस्था आहे. थंडी पडली की मेअखेरपर्यंत तिच्या तीन बोटी लोकांना फ्लेमिंगो दाखवायला खाडीत नेतात. या फेऱ्यांचं बुकिंग वर्षानुवर्षं एका डायरीत आणि एका मोबाइलवर चालायचं. ते ऑनलाइन गेलं, पहिल्या हंगामात पुरतं फसलं आणि दुसऱ्या हंगामात बरंच सावरलं. संस्थेचं नाव इथे देत नाही, पहिली वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीचंही नाही. दुरुस्तीच्या काळात मी संस्थेच्या बाजूने या कामात होतो. बैठकांना बसायचं, जुने कागद चाळायचे आणि तांडेलांचं, म्हणजे बोटी चालवणाऱ्यांचं, म्हणणं प्रोग्रामरला कळेल अशा भाषेत सांगायचं, एवढंच माझं काम.

खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरचा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. अभयारण्य म्हटलं की वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आला, आणि आत शिरायला परवानगी लागणार हे ओघानंच आलं. त्यामुळे इथल्या तिकिटात दोन गोष्टी एकत्र असतात, बोटीतली जागा आणि आत जायचा परवाना. जागेचा हिशोब संस्थेचा, परवान्याचा हिशोब सरकारी. कोण कोण येणार त्यांची नावं आदल्या संध्याकाळी कळवावी लागतात. सिनेमाचं तिकीट मित्राला दिलं तर कुणाचं बिघडत नाही. इथे यादीत एक नाव आणि बोटीत दुसराच माणूस असं चालत नाही.

डायरीत काय होतं

डायरी सांभाळायच्या त्या एका तांडेलाच्या सूनबाई. धक्क्यावर सगळे त्यांना वहिनीच म्हणतात, मीही तसंच म्हणतो. लांबलचक, कापडी पाठीची वही, एका पानावर एक दिवस. वर तारीख, तिच्या शेजारी तिथी, मग पेन्सिलीने लिहिलेल्या वेळा आणि त्यांच्याखाली नावं. काही पानांवर कोपऱ्यात ‘भांग’ असं लिहिलेलं, काहींवर नुसता ‘उ’. नावांपुढे बारीक खुणा होत्या. कुणापुढे टिंब, कुणापुढे आडवी रेघ, तर एका शाळेच्या नावाभोवती गोल.

या खुणा समजायच्या तर आधी खाडीचं पाणी समजायला हवं. मुंबईत दिवसातून दोनदा भरती येते, आणि भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि तितकंच उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाणी चढतंही कमी आणि उतरतंही कमी. डायरीतला ‘उ’ म्हणजे उधाण.

आता बोट आणि पक्षी यांचं गणित बघा. ओहोटीला धक्क्यासमोर नुसता गाळ असतो, बोट हलतच नाही. पूर्ण भरतीला बोट मजेत जाते, पण चिखलपट्टे पाण्याखाली गेलेले असतात आणि चिखलात चरणारे फ्लेमिंगो उठून दुसरीकडे विसाव्याला गेलेले असतात. म्हणजे बोटीला पाणी हवं आणि पक्ष्यांना चिखल हवा. दोघांचं जमतं ते मधल्या थोड्या वेळात, पाणी चढत असताना किंवा उतरत असताना.

त्यातही चढत्या पाण्याची फेरी आणि उतरत्या पाण्याची फेरी यांत फरक आहे, आणि तो मला वहिनींनी सांगेपर्यंत कुठल्याच कागदावर दिसला नव्हता. चढत्या पाण्यात उशीर झाला तर फारसं बिघडत नाही, बोटीखाली पाणी वाढतच असतं. उतरत्या पाण्यात पंधरा मिनिटं उशिरा निघालात तर परतताना बोट गाळात बसते आणि पुढची भरती येईपर्यंत तिथेच बसून राहते. म्हणून लहान मुलांची कुटुंबं, शाळेच्या सहली, डोंबिवलीहून दोन गाड्या बदलून येणारे ज्येष्ठ नागरिकांचे गट, हे सगळे वहिनी चढत्या फेरीत घालायच्या. आडव्या रेघेचे लोक म्हणजे ठरल्या वेळेच्या आधी येऊन उभे राहणारे, बहुतेक कॅमेरेवाले. ते उतरत्या फेरीत. टिंबवाल्यांनी मागे कधीतरी बुकिंग करून तोंड दाखवलेलं नव्हतं, त्यांना आदल्या दिवशी फोन करून विचारायचं. शाळेभोवतीचा गोल म्हणजे पैसे नंतर, चेकने.

फोनवर कुणी ‘रविवारी सकाळी सात’ म्हणालं की वहिनी आधी तिथी बघायच्या आणि मग सांगायच्या, ‘सातला नाही जमणार, साडेनऊला या.’ लोकांना वाटायचं, सातची बोट भरलेली आहे. सातला बोटच नसायची.

वेबसाइट आली

ऑनलाइन जायचं कारण रास्त होतं. समाजमाध्यमांवर गुलाबी थव्यांचे फोटो फिरायला लागल्यापासून जानेवारी-फेब्रुवारीत फोन दिवसभर वाजायचा. वहिनींना स्वयंपाक सुचेना. ‘ओळखीच्यांनाच जागा मिळते’ अशी तक्रार येऊ लागली होती, आणि ती सगळीच खोटी होती असं नाही. आगाऊ पैसे कुणी दिले, कुणी नाही, याचा मेळ महिनाअखेरीस बसायचा नाही. सचिवांना हिशोब स्वच्छ हवा होता, तरुण सभासदांना फोनची कटकट नको होती. शिवाय शहराला अशा बुकिंगची सवय झालीच होती. मलबार हिलचा उन्नत निसर्गमार्ग २०२५ मध्ये खुला झाला तोच ऑनलाइन तिकिटासह, भारतीयांना २५ रुपये आणि तासातासाचे गट. कास पठाराच्या फुलांसाठीही मुंबईकर घरबसल्या दिवस नोंदवतात.

कंपनीने जी वेबसाइट दिली तिच्यात सकाळी ७, सकाळी ९ आणि दुपारी ४ असे तीन ठरलेले स्लॉट होते, रोज तेच, सगळ्या हंगामासाठी. बोटीगणिक आसनं, यूपीआयने पैसे, मोबाइलवर क्यूआर कोड. दिसायला देखणी. बैठकीत एका म्हाताऱ्या तांडेलांनी विचारलं होतं की वेळा रोज त्याच कशा. उत्तर मिळालं की लोकांना ठरलेल्या वेळा आवडतात. ते खरंही आहे. मलबार हिलची झाडं सकाळी सातला असतात तिथेच दुपारी चारलाही असतात, तिथे तासाचे स्लॉट शोभतात. तेच खाडीला लावताना कुणी थांबून विचार केला नाही. डायरी कंपनीला दाखवली होती, पण तिच्यातून फक्त नाव, फोन आणि माणसांची संख्या एवढे तीन रकाने उचलले गेले. तिथी वगळली. रेघा आणि टिंबं ‘खाजगी खुणा’ म्हणून सोडून दिली.

पुढचं सांगायला फार शब्द नकोत. पौर्णिमेलगतच्या एका शनिवारी सातचा स्लॉट गच्च भरला. लोक ठाण्याहून, पनवेलहून, अंधेरीहून पहाटे उठून आले. धक्क्यावर पोचले तेव्हा समोर दूरपर्यंत गाळ, बोटी त्यात तिरक्या कललेल्या आणि खेकडे बघत बसलेले बगळे. दुपारी बाराला भरती म्हणजे सकाळी सहाला पूर्ण ओहोटी, हे धक्क्यावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पाणी यायला साडेनऊ वाजले. तोवर नऊच्या स्लॉटचे लोकही येऊन ठेपले होते. दोन्ही जथ्यांकडे क्यूआर कोड, दोघांचेही पैसे भरलेले, बोटी तेवढ्याच.

उरलेल्या हंगामात वहिनी रोज रात्री वेबसाइटवरची यादी वहीत उतरवून घ्यायच्या आणि एकेकाला फोन करून खरी वेळ कळवायच्या. म्हणजे फोन वाजायचा बंद झाला आणि वहिनींनाच फोन करावे लागले. डायरी गेली नव्हतीच. एकाच्या दोन झाल्या.

पैशांचा आणि माणसांचा मेळ

दुसरा घोळ पैशांचा. धक्क्यावर रेंज धड नाही आणि घरून करतानाही यूपीआयचा व्यवहार मध्येच लटकतो. खात्यातून रक्कम गेली पण तिकीट तयार झालं नाही, असे लोक पैसे कापल्याचा स्क्रीनशॉट घेऊन धक्क्यावर येत. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या परिपत्रकानुसार दुकानदाराला केलेलं यूपीआय पेमेंट असं अडकलं तर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी, आणि उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई. पण शनिवारी सकाळी पोराबाळांना घेऊन आलेल्या बापाला हे परिपत्रक वाचून दाखवून काय उपयोग? वहिनी म्हणायच्या, बसा. बोटीत दोन माणसं जास्त व्हायची.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात काळजी करावी अशी गोष्ट ही होती. वेळेचा गोंधळ मनस्ताप देतो, जास्तीची माणसं जीवावर बेततात. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली, त्यानंतर मुंबईच्या पाण्यात लाइफ जॅकेट आणि प्रवाशांची मोजदाद याबाबत सगळेच जागे झाले. जेवढी जॅकेट तेवढीच माणसं, आणि यादीत जी नावं तीच बोटीत, हा नियम संस्थेने कागदावर मान्य केलेला होता. तो मोडत होता, कारण यंत्रणेतल्या चुकीचा भार बोटीच्या काठावर उभ्या असलेल्या माणसावर पडत होता. ‘नाही’ म्हणायचं काम कुठल्या स्क्रीनने केलं नाही, ते वहिनींच्या वाट्याला आलं. आणि समोर रडवेलं पोर असताना नाही म्हणणं वहिनींना जमत नव्हतं, कुणालाच जमलं नसतं.

तिसरा घोळ दलालांचा. हंगामाची सगळी बुकिंगं एकाच दिवशी, एकाच वेळी उघडली होती. थोड्याच वेळात चांगले शनिवार-रविवार संपले. महिन्याभरात तीच आसनं चढ्या भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागली. यात नवल नाही. रेल्वेच्या तत्काळ तिकिटांचं हेच झालं होतं, म्हणून जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार पडताळणी सक्तीची झाली आणि पहिल्या अर्ध्या तासात एजंटांना मज्जाव आला. अमेरिकेतही मिनेसोटातल्या बाउंडरी वॉटर्स या तलावांच्या रानात नावा घेऊन जायच्या परवान्यांचं २०१९चं आरक्षण उघडल्या दिवशीच कोलमडलं, यंत्रणा बंद करून नवी तारीख द्यावी लागली. सगळ्या वर्षाचं दार एकाच क्षणी उघडलं की मोठमोठ्या यंत्रणांना घाम फुटतो, आमची तर सहकारी संस्थेची वेबसाइट.

दुरुस्ती

पावसाळ्यात बोटी ओढून ठेवल्या होत्या तेव्हा काम सुरू झालं. कंपनी बदलली नाही. सचिवांचं म्हणणं होतं की नव्याला पुन्हा सगळं पहिल्यापासून शिकवावं लागेल, आणि ते बरोबर होतं.

पहिली गोष्ट, ठरलेले स्लॉट काढून टाकले. त्यांच्या जागी प्रत्येक दिवसाच्या वेळा भरतीच्या कोष्टकावरून काढायच्या. छापील कोष्टक गेटवेजवळच्या अपोलो बंदराचं असतं, खाडीत आत पाणी त्यानंतर पोचतं. किती उशिरा? तांडेल लोक बोटांवर मोजून सांगत, पण प्रत्येकाचं उत्तर थोडं वेगळं. इथे जुन्या डायऱ्या कामाला आल्या. वहिनींनी प्रत्येक फेरीची सुटण्याची आणि परतण्याची खरी वेळ लिहून ठेवली होती, आणि बोट अडकली असेल तर तेही. त्या वेळा त्या-त्या दिवसाच्या अपोलो बंदराच्या वेळांशेजारी मांडल्या तेव्हा आमच्या धक्क्याची तफावत दिसू लागली, उधाणाला वेगळी आणि भांगाला वेगळी. प्रोग्रामर मुलगा तीन दिवस त्या वह्यांवर वाकून बसला होता. शेवटी त्याने जे सूत्र काढलं ते म्हाताऱ्या तांडेलांना दाखवलं. त्यांनी पुढच्या पंधरवड्याच्या वेळा वाचल्या, दोन ठिकाणी मान हलवली आणि भांगाच्या दिवसांत फेरीचा अवधी आणखी कमी करायला लावला.

मग फेऱ्यांना प्रकार दिले. बुकिंग करताना आता ‘भरतीची फेरी’ (चढत्या पाण्याची) आणि ‘ओहोटीची फेरी’ (उतरत्या पाण्याची) असे दोन पर्याय दिसतात, खाली एका ओळीत फरक. लहान मुलं सोबत आहेत असं भरलं की भरतीची फेरी आधी दाखवली जाते. ज्या शनिवारी उजेडात जमणारी वेळच नाही, त्या दिवशी तारीख बंद. यावर तरुण सभासदांनी कुरकुर केली, शनिवार म्हणजे कमाईचा दिवस. पण गाळात बसलेल्या बोटीचं डिझेल आणि परत केलेले पैसे यांचा हिशोब सचिवांनी मांडल्यावर ते गप्प झाले.

आदल्या संध्याकाळी जाणारा मेसेज तयार करायला आम्हाला अख्खी बैठक लागली. शेवटी असा ठरला: ‘उद्या शनिवार. धक्क्यावर ९.१० ला हजर राहा. बोट ९.३० ला सुटेल. ही ओहोटीची फेरी आहे, उशिरा आलेल्यांसाठी थांबता येणार नाही. ओळखपत्र आणा.’ आधीचा मेसेज इंग्रजीत होता आणि त्यात ‘धन्यवाद’ आणि ‘आनंददायी अनुभव’ सोडून कामाचं काही नव्हतं. नवा मेसेज जायला लागल्यापासून ओहोटीच्या फेरीला भांडणं जवळपास थांबली. माणूस उशिरा आला तरी तो स्वतःच म्हणतो, ‘हो, लिहिलं होतं.’

दलालांसाठी तीन छोट्या अटी घातल्या. एका मोबाइलवरून मर्यादित आसनं, प्रत्येक आसनाला नाव आणि नावात बदल आदल्या दुपारपर्यंतच, म्हणजे परवान्याची यादी जायच्या आत. हंगाम एकदम न उघडता दर आठवड्याला पुढचा एकच आठवडा उघडायचा. गर्दी विभागली आणि साइटचा जीवही वाचला. पैसे अडकण्यावर उपाय साधा होता: पेमेंट चालू असताना आसन काही मिनिटं धरून ठेवायचं, बँकेचा होकार आला नाही तर सोडायचं, आणि दोन्ही वेळा माणसाला स्पष्ट कळवायचं. ‘तुमची जागा पक्की झालेली नाही. धक्क्यावर येऊ नका’ हे वाक्य कंपनीला उद्धट वाटत होतं. आम्ही ते तसंच ठेवलं.

फोनच्या जागा

सगळ्यात जास्त वाद झाला तो फोनवरच्या जागांवरून. ऑनलाइन केल्यावर फोन बंद, असं सचिवांचं ठाम मत. पण आसपासच्या कोळीवाड्यांतले, चाळींतले लोक, पालिका शाळांचे शिक्षक, आजी-आजोबांना घेऊन येणारे, यांतले बरेच जण वेबसाइटच्या वाटेला जात नाहीत. ज्यांच्या खाडीत आपण फेऱ्या करतो तेच बाहेर राहणार, हे वहिनींना पटत नव्हतं. मलाही नाही.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात ‘द वेव्ह’ नावाची वालुकाश्माची प्रसिद्ध जागा आहे. तिथे दिवसाला ६४ जणांनाच सोडतात. त्यांपैकी ४८ जागांची सोडत काही महिने आधी ऑनलाइन होते. उरलेल्या १६ जागांसाठी पूर्वी लोक जवळच्या कनाब गावात प्रत्यक्ष जमायचे, चिठ्ठ्या निघायच्या. २०२२ पासून तीही सोडत मोबाइलवर गेली, पण ठरलेल्या परिसरात हजर असलेल्या माणसालाच अर्ज करता येतो. म्हणजे ऑनलाइन करूनही जवळच्यांसाठी एक खिडकी उघडी ठेवता येते. हे उदाहरण बैठकीत मांडल्यावर वाद जरा निवळला.

ठरलं असं की प्रत्येक फेरीतल्या काही जागा आदल्या दिवसापर्यंत राखून ठेवायच्या आणि त्या वहिनी फोनवर द्यायच्या. मात्र त्यांनी त्या स्वतःच्या वहीत न लिहिता त्याच यंत्रणेत भरायच्या, नाव आणि ओळखपत्रासह, आणि संध्याकाळी उरलेल्या जागा सगळ्यांना खुल्या. कुणाला किती जागा गेल्या हे कार्यकारिणीतल्या कुणालाही बघता येतं. ‘ओळखीच्यांना मिळतात’ या तक्रारीवर एवढा एक तक्ता पुरला. वहिनींना टॅब वापरायला त्यांच्या कॉलेजातल्या मुलीने शिकवलं. रेघ आणि टिंब यांच्यासाठी त्यांनी यंत्रणेत एक रकाना मागून घेतला. प्रोग्रामरने त्याला ‘शेरा’ असं नाव दिलंय, वहिनी त्यात अजूनही फक्त रेघ आणि टिंबच टाकतात.

दोन गोष्टी लोंबकळत आहेत. कॅमेरेवाल्यांचा एक गट अख्खी बोट आठवड्याच्या मधल्या दिवसांसाठी आगाऊ मागतो आणि भाव चांगला देतो. ते दिल्यास शाळांना मिळणारे दिवस कमी होतात. आणि वारा वाढल्याने फेरी रद्द झाली तर पूर्ण पैसे परत करायचे की तारीख बदलून द्यायची, यावर कार्यकारिणी दुभंगलेली आहे. सध्या विचारणाऱ्याला पैसे परत मिळतात, न विचारणाऱ्याला तारीख बदलून. हे बरं नाही, आणि येत्या हंगामाआधी वेबसाइटवर एकच नियम लिहायचा ठराव नोव्हेंबरच्या बैठकीत यायचा आहे.